मांडावर पडलेली ओळ

लखूला जन्मात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे पटकन हो किंवा नाही म्हणणं. बायकोनं, फुलानं, आणखी आंबील घालू का म्हणून विचारलं तरी तो आधी भांड्यात डोकावणार, मग आपल्या पोटाकडे बघणार, आणि तोवर आंबील गार होणार. अशा माणसावर गावानं सिनेमाचा न्याय करायची पाळी आणली. याला दैवाची थट्टा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

झालं होतं असं. नंदिगड्डे गावाच्या वरच्या अंगाला, रानात, मूठभर घरांची त्यांची वाडी. पौषात तिथल्या बायका मांडावर धालो खेळतात. मांड म्हणजे गावाची पवित्र जागा. चपला बाहेर, भांडण बाहेर, खोटं बाहेर. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एका रांगेतली पुढची बाई ओळ टाकते आणि समोरची रांग तिला उत्तर देते. पुरुषांनी कडेला बसून ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: मांडावर पडलेली ओळ उत्तराशिवाय ठेवायची नाही. तशी राहिली तर ती उत्तर शोधत गावात फिरते, आणि ज्याच्या दारात थांबते त्याचं काही खरं नसतं, असं म्हातारी माणसं सांगत आली आहेत.

लखूची पोरगी केशर हल्ली पहिली ओळ टाकायची. लग्नाच्या वयाला आलेली, हसरी, कामाला वाघीण, आणि गळा असा की ती जात्यावर बसली की शेजारच्या घरातलं रडतं पोर गप्प व्हायचं. या पौषात मात्र तिनं भलतंच केलं. खाली सुप्याच्या बाजारात विठ्ठलशेटच्या दुकानात हिरडे विकायला गेली असताना तिथल्या फोनोवर ऐकलेली ओळ तिनं मांडावर टाकली.

पल्याड डोंगर, अल्याड घर, मधी कुणाचा पाय अडला गं?

ओळ इतकी आपल्यातली की समोरच्या रांगेनं उत्तराला तोंड उघडलंसुद्धा. पण उघडल्या तोंडातून काही येईना. उत्तर कुणाला ठाऊकच नव्हतं. फोनोच्या तबकडीत तीच एक ओळ आळवून आळवून म्हटलेली, पुढं काहीच नाही, हे केशरच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. त्या दिवशी धालो तिथंच मोडला.

पुढच्या अमावस्येच्या आत गावच्या बुदवंताची, झिलूअण्णाची, दुभती गाय वाघानं नेली. मागोमाग त्याच्या नातवाला ताप भरला तो उतरेना. बुदवंत म्हणजे मांडावरच्या कामात ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस. झिलूअण्णा दुष्ट मुळीच नव्हता. पण नातवाच्या उशाशी बसून माणूस कशाकशाची जुळणी लावतो, ते ज्याला नातू आहे त्यालाच कळेल. त्यानं लखूला बोलावून सांगितलं, "ज्या घरानं वळ टाकली त्या घरच्या कर्त्यानं उत्तर आणायचं. उत्तर मिळालं न्हाई, न्हाईतर ती वळ वंगाळ जागेतनं आलीय असं निघालं, तर केशर मांडावर परत गाणार न्हाई. रांगेच्या शेवटाला बी न्हाई."

लखू हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो घरी आला. केशरनं सगळं आधीच ऐकलं होतं. ती जात्यावर बसून मुकाट दळत होती, आणि तिचं ते मुकं दळण लखूच्या काळजाला घरं पाडत होतं.

शिमगा झाला. नातवाचा ताप उतरला, तरी झिलूअण्णाच्या मनातली पाल चुकचुकायची राहिली नाही. आणि एक दिवस वासू सुप्याहून धापा टाकत आला. वासू म्हणजे फुलाचा धाकटा भाऊ, बातमी पोटात ठेवली तर पोट फुटेल असा माणूस. "दाजी, सुप्यात तंबू लागलाय! बोलणारा शिनेमा! आन ती फोनोवरची वळ त्यातलीच हाय. उष्टा सूर, असं नाव हाय बघा त्याचं."

त्या नावानंच झिलूअण्णाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी तो न्यायाचा माणूस. त्यानं लखूला मांडाचा डोळा म्हणून धाडायचं ठरवलं. मांडाचा डोळा म्हणून जो जातो, त्यानं बघितलेलं परत येऊन दिव्यासमोर सांगायचं. सगळं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, आणि गाणं आलं की ते गाणं म्हणून म्हणायचं. दिवा लावला की सांगणं संपेतोवर कुणी उठायचं नाही.

"आन पोरं बी जातो म्हणून मागं लागलीत," झिलूअण्णा म्हणाला. "पोरांना दाखवण्याजोगं हाय का, ते बी बघून ये. आधी मोठ्यानं चाखायचं, मग ल्हानाला द्यायचं."

निघताना केशर अंगणाच्या टोकापर्यंत आली. "बा, उत्तर आसंल न्हवं त्यात?"

"बघू," लखू म्हणाला.

सुप्यात पोचल्यावर तो आधी विठ्ठलशेटच्या दुकानात गेला. विठ्ठलशेट मूळ खानापूरकडचा, मीठमिरचीबरोबर जगाच्या बातम्याही विकणारा. त्याच्याकडे बेळगावची वर्तमानपत्रं यायची. लखूनं सिनेमा कसा आहे विचारताच त्यानं चष्मा चढवला आणि एक पत्र उलगडलं.

"ऐक. 'संगीत अमृताचे, कथानक गटाराचे. दारू, मारहाण आणि माडीवरचे जिणे यांचे असे उघडेवाघडे दर्शन आजवर झाले नव्हते. आईबापांनी आपल्या मुलांना या तंबूच्या आसपासही फिरकू देऊ नये.'"

लखूचं तोंड उतरलं. "मंजे वंगाळच की."

"थांब की, घाई करू नको," विठ्ठलशेटनं दुसरं पत्र काढलं. "'असे सत्य चित्र मराठीत दुसरे नाही. मुलीच्या प्रत्येक बापाने आपल्या मुलीला शेजारी बसवून ते पाहावे. जो दाखवणार नाही तो बाप कसला?'"

लखूनं एकदा या पत्राकडे आणि एकदा त्या पत्राकडे पाहिलं. "शेट, ही दोघं येकाच तंबूत बसली व्हती का?"

"येकाच. शेजारी-शेजारी बी बसली असतील."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मला?" विठ्ठलशेटनं चष्मा पुसला. "मी दोनदा गेलो. पयल्यांदा शिव्या देत उठलो. दुसऱ्यांदा का गेलो, ते मात्र मला इचारू नको."

झालं! आगीतून फुफाट्यात. तंबूपाशी गेला तर तिथं आणखी निराळं. दाराशी पाटी होती, ती एका शिपायानं वाचून दाखवली: फक्त मोठ्या माणसांसाठी. आणि त्याच पाटीखाली उभा राहून तंबूवाल्याचा माणूस ताशा बडवत ओरडत होता, "या, बायकापोरांसकट या! असं गाणं जल्मात ऐकलं नसंल!" लखूनं त्याला पाटी दाखवली. तो म्हणाला, "पाटी सरकारासाठी हाय, ताशा तुमच्यासाठी." मग तो पुन्हा बडवू लागला.

आत पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये दोर बांधलेला. लखू पुढं जमिनीवर बसला. इंजिन धडधडलं, पडदा उजळला, आणि एक पोरगी शेताच्या बांधावरून चालत आली. तिच्या तोंडी तीच ओळ. आता उत्तर येणार म्हणून तो गुडघ्यांवर उठून बसला. मागच्यानं त्याला खाली ओढलं.

उत्तर आलं नाही. त्याऐवजी एक तबलजी आला. पोरीला गोड बोलून शहरात घेऊन गेला, तिथं एका माडीवर बसवली आणि पैसे खिशात घातले. ती गाते, लोक वाहवा करतात. ती रडते, तो मारतो. ती दारू पिते, पुन्हा गाते, आणि दारूनं फाटलेल्या आवाजात ते गाणं पहिल्यापेक्षाही आत शिरतं. लखूला तिथंच पहिला घोळ पडला. दारू वाईट, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मग दारू पिऊन म्हटलेलं गाणं चांगलं कसं लागतं? बघू नये असं ते होतं, आणि डोळा तर हलत नव्हता. शेंगदाणेवाला टोपली मांडीवर घेऊन रडत होता. रानखात्याचा एक कारकून "छी, छी" म्हणत होता आणि नीट दिसावं म्हणून मान लांब करत होता.

शेवटी पोरीचा बाप शहरात येतो. शोधत शोधत त्या माडीचा जिना चढतो. दार लोटलेलं. आत ती आपली ओळ म्हणतेय. पल्याड डोंगर, अल्याड घर. बाप दारावर हात ठेवतो. लखू पुन्हा गुडघ्यांवर उठला. आता, आता देणार. सगळा सिनेमा याच्यासाठीच तर होता!

बाप हात काढून घेतो. वळतो. जिना उतरून जातो. आत ती ओळ म्हणतच राहते, आणि म्हणता म्हणता पडदा काळा होतो.

लोक रडले, टाळ्या वाजल्या, कुणी शिव्या घातल्या. लखू तसाच बसून राहिला. त्यानं तंबूवाल्याला गाठून विचारलं, "पुढचं कुठं हाय?"

"पुढचं काय?"

"त्या वळीचं उत्तर."

तंबूवाल्यानं त्याला खालवर न्याहाळलं. "अरे बाबा, तेच तर दुःख आहे ना! संपला खेळ."

रात्री तो विठ्ठलशेटच्या ओसरीवर पडला आणि उजाडताच चालायला लागला. वाटभर त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. सिनेमा वाईट म्हणावा, तर केशरचा गळा बंद. चांगला म्हणावा, तर पोरांसमोर दारू आणि माडी. आणि उत्तर तर कशातच नव्हतं. पत्रवाल्यांना दारू दिसली, माडी दिसली. पण एवढी मोठी ओळ उघड्यावर टाकून माणसं घरी निघून गेली, याचं एकालाही काही वाटलं नव्हतं. का हे फक्त आपल्यालाच वाटतंय? आपलंच डोकं फिरलंय का? वाटेत एका ओढ्याशी तो उगाचच बराच वेळ बसून राहिला.

दिवेलागणीला मांडावर दिवा लागला. झिलूअण्णा समोर, पुरुष कडेला, बायका दोन्ही अंगांना. आणि पोरं? पोरं अगदी पुढं, दिव्याला चिकटून. सगळा गाव बसायचा हा मांडाचा रिवाज, त्यातून पोरं कोण वगळणार? पोरांना दाखवावं की नाही हे ठरवायला बसलेल्या गावानं पोरांनाच पुढं बसवलंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लखूनं सुरुवात केली. बांध, पोरगी, तबलजी. इथवर ठीक चाललं. मग तो अडखळला. "आन मग ती... कसलं तरी पाणी पिती."

"मांडावर आडपडदा न्हाई," झिलूअण्णा म्हणाला.

"दारू पिती."

पोरांचे डोळे बशीएवढे झाले. "किती?" एकानं विचारलं. आईनं त्याला धपाटा घातला. पण उठवता येईना, दिवा लागला होता. मग काय, सगळंच आलं. माडी आली, मार आला, रडणं आलं. लखू घाम पुसत सांगत होता आणि पोरं आ वासून ऐकत होती.

"असलं चितर?" एक म्हातारा थुंकायला वळला, मांड आहे हे आठवलं आणि गिळून बसला. "ह्याला काय अर्थ हाय?"

"अर्थ न्हाई कसा?" तुळजाकाकी बोलली. ही झिलूअण्णाची बायको, समोरच्या रांगेची म्होरकी. "तो मारतो तवा तिथं बसलेल्यांतनं येक बी उठला न्हाई का रं लखू?"

"न्हाई, काकी."

"मग वंगाळ कोण? ती का ते बसलेले?"

"मला कळंना झालंय," लखू खरं तेच बोलला. "मला काय बी कळंना झालंय."

"पुढं सांग," झिलूअण्णा म्हणाला. "उत्तर कुठं हाय?"

लखूनं जिना सांगितला, लोटलेलं दार सांगितलं, दारावर ठेवलेला हात सांगितला. "आत ती वळ म्हणती," म्हणाला आणि थांबला. ओळ म्हणायला हवी होती. त्याच्या घशातून नुसता खरखराट निघाला.

"जिला येती तिला म्हणू दे," तुळजाकाकी म्हणाली. "सांगणं पुरं व्हायला पायजे."

झिलूअण्णानं दिव्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

केशर उभी राहिली. पौषानंतर पहिल्यांदा तिनं गळा उघडला. पल्याड डोंगर, अल्याड घर, मधी कुणाचा पाय अडला गं? आवाज आधी कापला, मग स्थिर झाला, आणि रानाच्या कडेपर्यंत जाऊन परत आला. समोरची रांग गप्प. ओळ पुन्हा एकदा मांडावर येऊन पडली होती.

"मग?" झिलूअण्णानं विचारलं. "बापूस काय म्हणाला?"

लखूनं लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. दार लोटलेलं, हात दारावर, आणि आता आपणही जिना उतरून जायचं? त्याला एकदम त्या पडद्यावरच्या बापाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. आणि ज्या माणसाला आंबिलीचंही ठरवायला वेळ लागायचा, त्यानं विचार करायच्या आत तोंड उघडलं.

अल्याडच्या दारी दिवा ठेवलाय, चिखलाचा पाय घेऊन ये गं.

सूर फाटका होता, चाल जेमतेम धरलेली. पुरुष मांडावर गायला! कुणी हसलं, कुणी कानावर हात ठेवले. फुलानं पदर तोंडात घातला.

"हे शिनेमात हाय?" झिलूअण्णाचा आवाज चढला.

"न्हाई."

"मग बापूस काय करतो तिथं?"

"काय बी न्हाई. मुकाट निघून जातो. सांगणं तिथंच संपलं." लखूनं छातीवर हात ठेवला. "ही वळ माझी. पदरचं घालू नये हे खरं. पर मांडावर वळ पडली आन कोण उत्तर देईना. पौषात बी मी हितंच बसलो व्हतो, तोंड मिटून. मी काय त्या शिनेमातला बापूस हाय व्हय?"

कुठला नियम मोडला आणि कुठला राखला, याचा हिशोब झिलूअण्णाच्या चेहऱ्यावर लागत होता आणि लागता लागता फसत होता. तेवढ्यात तुळजाकाकी उठली. तिनं शेजारणीच्या कमरेत हात घातला, पाय पुढं टाकला आणि लखूची ओळ नीट चालीत म्हटली. चिखलाचा पाय घेऊन ये गं. दुसऱ्यांदा सगळी रांग म्हणाली. तिसऱ्यांदा केशर हसत होती आणि रडतही होती, आणि लखूला आता वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी फार मोठं करून बसलो, पण काय, ते कुणीतरी सांगायला हवं.

"उत्तर आलं," झिलूअण्णा शेवटी म्हणाला. "आता ती फिरणार न्हाई." मग तो केशरकडे वळला. "पयली वळ केशरच टाकंल."

मग त्याला आठवण झाली. "आन पोरांना ते दाखवायचं का न्हाई, त्याचं काय ठरलं?"

सगळ्यांनी पोरांकडे पाहिलं. एक पोर झिंगल्यासारखं चालून दाखवत होतं, दुसरं लोटलेलं दार झालं होतं.

"आता काय ऱ्हायलंय दाखवायचं?" तुळजाकाकी म्हणाली.

तंबू उठायच्या आदल्या संध्याकाळी सगळी वाडी सुप्याला गेली. बायका दोराच्या पलीकडे, पुरुष अलीकडे, पोरं कुठंही. विठ्ठलशेटही आला होता, तिसऱ्यांदा. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं, आणि दारूच्या वेळी पोरांनी "आता पिती बघ" म्हणून तंबूला आधीच कळवलं. मग जिना आला. दार आलं. आत ती ओळ म्हणू लागली, बापानं दारावर हात ठेवला.

दोराच्या पलीकडून बायकांच्या रांगेनं उत्तर दिलं. अल्याडच्या दारी दिवा ठेवलाय. सगळा तंबू मागं वळला. रानखात्याचा कारकून "शू, शू" करत उठला, आणि तंबूवाला धावत आला तो दारातच उभा राहिला.

पडद्यावरच्या बापानं हात काढून घेतला आणि तो वळला.

"आरं, उत्तर दिलंय न्हवं!" झिलूअण्णा काठी आपटत ओरडला. "परत फीर की!"

बाप जिना उतरून गेलाच. लखूनं तिकडे बघितलं नाही. त्यानं दोरापलीकडे बघितलं. केशरचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. गात गात ती अंधारात बापाला शोधत होती. लखूनं हात वर केला आणि ती त्याला दिसेपर्यंत तसाच धरून ठेवला.